सिंधुच्या परकराची नाडी

मी परकराची जुनी सुती नाडी आहे. हसू नका, मित्रांनो. मिरवायला काठपदर असतो, आमचा जन्म लपून राहण्यात जातो.

मुरुडच्या बाजारातून सिंधुनं मला आणलं, तेव्हा तिची पुनम चौथीत होती. टूथब्रशच्या दांड्याला बांधून तिनं मला नेफ्यात ओवलं. परकर विरत गेले, मी मात्र एकातून दुसऱ्यात जात राहिले. सिंधु शाळेत खिचडी रांधायची. दिवसभर वाकली तरी मी सुटत नसे. अशी नाडी आता मिळत नाही, असं ती एकदा म्हणाली होती. कौतुक म्हणाल तर तेवढंच.

तिच्या बेंबीखाली पुनमच्या वेळच्या सिझरचा उभा वण होता. वणात, अगदी माझ्याखाली, बोराएवढा टणक गोळा होता. महिन्यातले चार दिवस तो ठणकायचा. तेव्हा ती मला दोन बोटं सैल बांधी. त्यामुळे माझ्या अंगावर दोन खुणा पडल्या, एक रोजची आणि एक त्या दिवसांची.

तिच्या सासूबाई नागुबाई. त्यांनी खापर माझ्यावर फोडलं. नाडी आवळून बांधते म्हणून गोळा आला, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पुढं सिंधुची गर्भपिशवी काढली. आता दुखायचं कारणच उरलं नाही, असं घरात सगळ्यांनी धरलं. पण गोळा लिंबाएवढा झाला आणि रोज ठणकू लागला. मी कायमची सैल झाले. मला आधी राग यायचा, नंतर नुसता थकवा.

बारावीतल्या पुनमनं शेवटी आईला लातूरला नेलं.

"नाडीच काचती बाई, दुसरं काई न्हाई," सिंधु डॉक्टरबाईंना म्हणाली.

"नाडीनं कातडी काचते. हा गोळा आत आहे. आधी ठरावीक दिवसांतच दुखायचं का?"

सिंधुनं माझी गाठ सोडली. मग तिनं माझ्यावरच्या दोन खुणा दाखवल्या आणि सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कुणी साक्षीला बोलावलं.

गोळ्याचा तुकडा तपासला. कॅन्सर निघाला. पिशवीच्या अस्तराचा अंश सिझरच्या वेळी वणात राहिला आणि तिथंच वाढला, तो असा बिघडणं फार क्वचित, असं बाईंनी समजावलं. गोळा काढला. किमो चालू आहे. पुढचं कुणी छातीठोक सांगत नाही.

सिंधु आता गाऊन घालते. मी तिच्या रिपोर्टांची फाईल बांधते. काल नागुबाई मला बांधता बांधता थांबल्या. पुनम पोट धरून पडली होती. बाईच्या जातीला दुखायचंच, हे त्यांचं नेहमीचं वाक्य. काल ते आलं नाही.

"पुनम, तुला बी दर महिन्याला असंच दुखतं का गं?"

"हाव, आज्जी. लई दिवसापासून."

नागुबाई तिच्या उशाशी बसल्या. मी त्यांच्या हातात तशीच अर्धवट लोंबत राहिले.

मित्रांनो, मी थकले आहे, एवढंच मागते. घरात कुणी पोट धरून उठलं, तर नाडीला बोल लावू नका. विचारा, आणि उत्तर येईपर्यंत जवळ बसा.