पेत्रोनाच्या नावानं हाक

शूटिंगमध्ये दार फोडलं त्या दिवसापासून मारिएला घास तोंडात तसाच धरून बसायची. चावायची नाही, गिळायची नाही. बोलणं तर बंदच. तिच्या आजीनं, सगळं गाव जिला मानानं नान हासिंता म्हणे तिनं, दवाखान्यातलं औषध पाजून पाहिलं. ते हनुवटीवरून ओघळलं.

याला काय म्हणतात हे शालबाक गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. माणूस दचकतो, शरीर घरी येतं, पण जीव दचकल्या जागीच बसून राहतो. तो जाऊन आणावा लागतो.

आणि ती जागा चित्रपटवाले आज जाळणार होते.

चित्रपट गावावरच होता. हासिंता पोरवयात असताना सैन्यानं गाव जाळलं, माणसं मारली, त्याचा. राजधानीहून आलेला दिग्दर्शक ओक्ताव्हियो माणूस वाईट नव्हता. सगळं गावकऱ्यांकडून ऐकून घेतलं, कामंही त्यांनाच दिली. पण एक हट्ट. कुणी बातमीदारानं लपून टिपल्यासारखं सगळं खरं वाटलं पाहिजे. म्हणून शिपाई कधी येणार हे घरातल्यांना सांगायचंच नाही. चित्रपटासाठी वर डोंगरात बांधलेल्या घरात मारिएला चुलीपाशी बसली होती, दार धाडकन आत पडलं, आणि पोर जी किंचाळली ती काही कॅमेऱ्यासाठी नव्हे.

हासिंतानं नातीचं विणलेलं पोलकं काखेत मारलं, झाडाची एक फांदी मोडून घेतली आणि चढण चढायला लागली. पाय पुढे आणि मन त्याच्याही पुढे. मागून धापा टाकत तिची जाऊ तोमासा.

वर फळ्यांचं नि गवताचं नवं घर उभं होतं. माणसं भिंतींवर रॉकेल शिंपडत होती. शिपायाच्या वेशातली गावातलीच पोरं सावलीला बसून मक्याची कणसं खात होती.

"ए भाच्या," तोमासा एकाला म्हणाली, "बुटांच्या नाड्या तरी बांध. खऱ्यांचे बूट असे फटफट वाजत नव्हते."

"मामी, पायाला मोठे होतात."

"मग पळून जाणाऱ्यांचं काम मागायचं होतंस. त्यांना बूटच नव्हते."

ओक्ताव्हियो धावत आला. "नान, बाजूला व्हा. ऊन चाललंय. घर एकच बांधलंय, पुन्हा जाळता येणार नाही."

"माझी नातही एकच आहे," हासिंता म्हणाली आणि थेट आत शिरली.

तो दारात थांबला. हातानं माणसांना थोपवलं, पण कॅमेरावाल्याला काही म्हणाला नाही.

चुलीपाशी हासिंतानं पोलकं पसरलं, फांदीनं जमिनीवर फटके मारले. "मारिएला, ऊठ बाळा. इथं बसू नकोस. चल घरी." जीव आला की कापड हाताला जड लागतं. तिनं उचललं. कापूस तो कापूसच. पुन्हा मारलं, पुन्हा हाक दिली. काही नाही. बाहेर कुणीतरी खोकलं.

"अगं," तोमासा दारातून म्हणाली, "त्या दिवशी इथं तिला मारिएला म्हणून हाक कुणी मारली? सगळे पेत्रोना पेत्रोनाच करत होते."

हासिंताचा हात वरच्या वर राहिला. पेत्रोना तिची धाकटी बहीण. मारिएला जिचं काम करत होती त्या चित्रपटातल्या मुलीला ते नाव तिनंच सुचवलं होतं, कौतुकानं. खरी पेत्रोना याच उतारावर, असल्याच घरात जळाली. तिला हाक मारायला कुणी परतलं नव्हतं. डोंगरात लपलेल्यांनी हाक मारायची म्हणजे शिपायांना वाट दाखवायची.

"त्या नावानं कोण उठेल, तोमासा?"

"उठेल ती उठेल. दोघी उठल्या तर दोघींना आण. घरात जागा काय कमी आहे?"

"चेष्टा नको करू गं."

"चेष्टा करत नाहीये मी."

हासिंतानं ओठ ओले केले. मग ती ओरडली, "पेत्रोना! ऊठ! चल!"

पोलकं जड झालं. एका जिवाचं वजन किती असतं हे तिला कधी कळलं नव्हतं, त्यामुळे हे किती जणींचं हेही कळेना. ते छातीशी धरून ती बाहेर पडली आणि खाली निघाली. मागं वळून बघायचं नसतं, हाक थांबवायची नसते. "पेत्रोना, इथं दगड आहे, जपून. पेत्रोना, ओढा आला." पाठीमागं आग भडकल्याचा आवाज झाला. मान वळू पाहत होती. तिनं वळू दिली नाही.

घरी पोलकं मारिएलाच्या अंगावर टाकलं. पोर बराच वेळ आढ्याकडे बघत होती. मग तोंडातला घास गिळून म्हणाली, "आजी, किती ओरडत होतीस. मीठ दे."

हासिंतानं चिमूटभर मीठ तिच्या तळहातावर ठेवलं.

संध्याकाळी ओक्ताव्हियो दारात आला, टोपी हातात. कॅमेरावाला सगळं टिपत घरापर्यंत हासिंताच्या मागं चालत आला होता. "नान, अख्ख्या चित्रपटात याहून खरं काही नाही. तुमची परवानगी असेल तर घालतो."

"घाल. पण वाट मधे तोडायची नाही. वरून घरापर्यंत, सगळी."

"वाट लांब आहे, नान. लोक इतका वेळ नुसतं चालणं बघणार नाहीत. थोडं वर, थोडं खाली, मधलं त्यांना कळतं."

"लोकांना कळेल रे. पेत्रोनाला कसं कळणार? तू ओढ्यापाशी तोडलंस तर ती ओढ्यापाशीच राहील."

"बघतो."

"बघतो नको. सांग."

तो टोपी फिरवत उभा राहिला. आत मारिएला पुन्हा मीठ मागत होती, पण उत्तर घेतल्याशिवाय हासिंता उंबऱ्यावरून हलेना.