वेलीखालचं नाव

समजा, तुम्ही गुडघे टेकून बसला आहात. गुडघ्यांखाली गोणपाटाची घडी, हातात लांब पात्यांची कातर, आणि समोर जमिनीत उभा रोवलेला एक जुना दगड. ज्याचं नाव त्यावर कोरलं आहे, तो माणूस तुमच्या पणजोबांच्याही आधी हे जग सोडून गेला. दगडाच्या पायाशी माजलेलं गवत तुम्हाला कापायचं आहे, पण पातं दगडाला लागता कामा नये. लागलं, तर तेवढा टवका कायमचा गेला. करून बघा मनातल्या मनात. हात थोडा कापतोय ना?

आता तुमच्या शेजारी अगदी तसेच बसलेले आजोबा बघा. त्यांचा हात मुळीच कापत नाही.

"उस्ताद, मानेवरचे राहिले," मागून सिस्टरबाई म्हणाल्या.

"मानेवरचे शेवटी घेतात, बाई. गिऱ्हाइकानं मान खाली घालावी लागते त्यासाठी."

"हे गिऱ्हाईक कसली मान घालतंय."

"म्हणून तर बरं. तक्रार नाही, घाई नाही, आणि कल्ले कमी केले म्हणून घरी जाऊन बायकोची बोलणी खात नाही."

आजोबांनी सारा जन्म केशकर्तनात घालवला होता. दुकान सोडलं तरी 'उस्ताद' हे नाव मात्र चिकटून राहिलं. सिस्टरबाई इस्पितळात नर्स होत्या. त्याही आता निवृत्त. ही जुनी दफनभूमी दोघांच्या घरांच्या मधोमध. तिथे नवीन कुणाला पुरणं फार पूर्वीच थांबलं होतं. फाटकाला गंज चढलेला, आत माणूस बुडेल एवढी झुडपं. मग आसपासच्या काही लोकांनी किल्ली मागून घेतली आणि रविवारी सकाळी जमू लागले. कुणाचा विळा, कुणाचं फावडं, कुणाची नुसतीच हौस. आता तिथे पायवाटा होत्या, बाकं होती. आया बाळांच्या गाड्या फिरवत, परीक्षेवाले झाडाखाली पुस्तक उघडून झोपा काढत. मोकळ्या जागेतलं गवत मशीन कापी. पण त्या मशीनची गरगर फिरणारी दोरी दगडांना खाते, म्हणून दगडांच्या कडेचं काम उस्तादांकडे.

कापलेलं गवत टोपलीत भरून भिंतीमागच्या ढिगावर टाकायचं काम त्यांच्या नातीकडे. नात म्हणजे मुलीची मुलगी; मायलेकी उस्तादांजवळच राहत. पोरीचा पाय एका जागी ठरत नसे, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत.

"आजोबा, आज त्याचं नाव दिसलं का?" टोपली आपटत तिनं विचारलं.

हे ती दर रविवारी विचारी. भिंतीजवळच्या कोपऱ्यात एक दगड होता, वेलीनं पार गिळलेला. फक्त वरचा कोपरा उघडा, आणि त्यावर कोरलेली एक कात्री. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा उस्ताद बराच वेळ तिथून उठले नव्हते.

"आपल्यातला आहे," ते म्हणाले होते.

"शिंपी असेल," सिस्टरबाई म्हणाल्या होत्या.

"शिंप्याची कात्री एवढी नाजूक नसते."

"मग माळी असेल. नाहीतर मेंढ्यांची लोकर कापणारा."

"असेल तर असेल. नाव तरी कळू दे. धंद्यातल्या माणसाला नावानं हाक मारू एकदा."

गेल्या उन्हाळ्यात उस्तादांनी वेलीचा बुंधा जमिनीलगत कापला. पानं वाळली, तपकिरी झाली, पण वेल काही सुटली नाही. अशा वेलीच्या खोडाला केसासारख्या बारीक मुळ्या असतात आणि त्या दगडाच्या अंगात शिरून बसतात. मेल्यावरही लवकर सोडत नाहीत.

"नाही दिसलं," उस्ताद म्हणाले. "तिनं सोडलं की दिसेल."

"ओढून काढू या की."

"ओढायचं नाही."

"का?"

"ओढायचं नाही म्हटलं ना. जा, टोपली रिकामी कर."

इथे उस्तादांचं चुकलं. 'का'चं उत्तर त्यांना ठाऊक होतं, पण पाठ अवघडली होती आणि ऊन चढत होतं. उत्तर राहून गेलं.

त्याच आठवड्यात मुलगी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. संध्याकाळी सिस्टरबाई विचारपूस करायला आल्या. भिंगरी शेजारच्या खोलीत पुस्तकांना कव्हरं घालत बसली होती.

"मधलं दिसणं जाणार म्हणाले," आई सांगत होती. "कडेचं राहील. चालता-फिरता येईल, पण वाचता येणार नाही. पावसाळ्यापर्यंत म्हणाले, फार तर."

"उस्ताद काय म्हणाले त्यावर?"

"त्यांना काय, थट्टाच." आई म्हणाली.

उस्ताद खुर्चीतून म्हणाले, "अहो बाई, जन्मभर लोकांचे कान सांभाळत आलो. आता तोंड दिसायला हवं तर कानाकडेच बघायचं. नाहीतरी सवय आहे." मग म्हणाले, "तेवढं कोपऱ्यातलं नाव वाचून झालं असतं म्हणजे बरं होतं. वेल काही ऐकेना."

पलीकडे कव्हराचा कागद कात्रीत तसाच अडकून राहिला.

पुढच्या रविवारी भिंगरी सगळ्यांच्या आधी फाटकाशी उभी. सिस्टरबाईंनी कुलूप काढलं, आणि अवजारांची खोली उघडून होईपर्यंत पोरगी दिसेनाशी झाली. उस्ताद गोणपाट पसरत होते, तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. जाड कापड फाटावं तसा, आणि मागोमाग खडीची भुकटी सांडावी तसा.

दोघं पोचले तेव्हा भिंगरी वेलीच्या जाळीखाली जवळजवळ झाकली गेली होती. सतरंजीसारखी अख्खी वेल एका ओढीत निघाली होती. केसांत माती, गालावर ओरखडा, आणि चेहरा हसरा.

"आजोबा, वाचा. निघाली बघा."

उस्ताद दगडाजवळ गेले. मान एकीकडे कलती करून त्यांनी बघितलं, मग दुसरीकडे. मग हात लावला. वरची कात्री जागच्या जागी होती. तिच्याखाली दगड नव्यासारखा पांढरा, खरबरीत आणि कोरा होता. बोटांना पीठ लागलं. दगडाची कातडीच वेलीबरोबर निघून आली होती. वेल उलटी पडली होती आणि तिच्या मुळ्यांत दगडाच्या खपल्या अडकल्या होत्या. सिस्टरबाईंनी एक उचलून बघितली, तर तिचा बोटांतच चुरा झाला.

भिंगरीचं हसू हळूहळू मावळलं.

"तुम्हाला वाचायचं होतं ना," ती म्हणाली. "पावसाळ्याच्या आत."

उस्ताद वळले, शेजारच्या दगडाशी जाऊन बसले आणि गवत कापू लागले. दोन-चारदा कातर चालली, आणि पातं दगडावर घासल्याचा आवाज झाला. असा आवाज त्यांच्या हातून कुणी कधी ऐकला नव्हता. त्यांनी कातर खाली ठेवली.

सिस्टरबाईंनी भिंगरीच्या केसांतली माती झटकली. "जखमेला चिकटलेली पट्टी खसकन ओढली तर काय होतं, माहीत आहे?"

"कातडी निघते."

"हं. तसंच हे."

"मग मला आधी का नाही सांगितलं?"

सिस्टरबाईंनी उस्तादांच्या पाठीकडे बघितलं. उस्ताद तिथूनच म्हणाले, "माझं चुकलं. 'का' विचारलं होतंस, आणि मी तुला टोपली रिकामी करायला पाठवलं." मग गुडघ्यावर हात टेकून उठले. "ये इकडे. तुझे डोळे धड आहेत. नीट बघून सांग, काही उरलंय का."

भिंगरीनं नाक दगडाला टेकेल इतक्या जवळून बघितलं. खाली बघितलं, वर बघितलं. पहिल्यांदाच ती इतका वेळ एका जागी राहिली असेल.

"एक उभी रेघ आहे," शेवटी ती म्हणाली.

"बास?"

"बास."

तिनं त्यांचं बोट धरून त्या रेघेत ठेवलं. उस्तादांनी ते खाली ओढलं, पुन्हा वर नेलं.

"कुणाचंही असू शकतं," ते म्हणाले. "माझ्याही नावात आहे अशी एक." मग कातर आणायला वळत म्हणाले, "चला, याच्या पायाशीही गवत वाढलंय."

त्या दिवशी त्या दगडाभोवतीचं गवत त्यांनी नेहमीसारखंच कापलं, पातं न लावता. मानेवरचं शेवटी.

पुढच्या रविवारी भिंगरी यायला तयार नव्हती. पांघरूण डोक्यावरून घेऊन पडून राहिली. उस्तादांनी समजावलं नाही, ओरडले नाहीत. दारात चपला घालत म्हणाले, "आज मला फाटकाची कडी नीट दिसणार नाही. कुणीतरी बरोबर हवं." मग ती उठली.

त्या दिवशी नवीन मंडळी आली होती. शेजारच्या इमारतीतलं एक कुटुंब. बाप उत्साही, बाह्या सरसावून आलेला. पायवाटेच्या कडेला अजून एक दगड वेलीत गुरफटलेला होता, अर्धा हिरवा, अर्धा वाळका. "एवढंच ना," तो म्हणाला, "दोन मिनिटांचं काम." त्यानं दोन्ही हातांत वेल घट्ट धरली. सिस्टरबाई लांब होत्या. उस्ताद पाठमोरे होते.

भिंगरी टोपली टाकून धावली. ती ओरडली नाही. 'ओढायचं नाही' असंही म्हणाली नाही. तिनं त्या अनोळखी माणसाचं मनगट धरलं, त्याची बोटं वेलीवरून एकेक करून सोडवली आणि त्याला कोपऱ्यापर्यंत चालवत नेलं. मग त्याचा पंजा उघडून त्या कोऱ्या दगडावर सपाट ठेवला.

"हे मी केलं," ती म्हणाली. आणि का ओढायचं नाही, ते त्याला पहिल्यापासून सांगू लागली.