अर्धं सूत

बसमध्ये पुढच्या सीटवर बसलेल्या म्हाताऱ्याच्या कॉलरवर मी इतकी वाकले होते, की ड्रायव्हरने ब्रेक मारला असता तर माझं नाक त्याच्या मानेवर आपटलं असतं. बटणने माझा दंड धरून मला मागे खेचलं.

"अगं बाई, सोड त्याला," ती हळूच म्हणाली. "आता काय कानातले केस मोजणार आहेस?"

"कॉलरची टीप सरळ नाही. टोकापाशी दोन टाके उडालेत."

"उडू देत. मान जागेवर आहे ना त्याची?"

बटण म्हणजे माझी मैत्रीण. बुटकी, गोल, आणि बसेल तिथे घट्ट बसणारी, म्हणून कारखान्यात तिला हे नाव पडलं. मला कात्री म्हणायचे. गळ्यात धागे कापायची लहान कात्री अडकवलेली असायची म्हणून, असं मी समजत असे. माझ्या जिभेमुळे, असं बाकीचे सगळे समजत. आम्ही दोघींनी परदेशात जाणारे शर्ट शिवणाऱ्या एकाच कारखान्यात एकतीस वर्षं काढली. ती काजाच्या मशीनवर, मी शेवटच्या तपासणीच्या टेबलावर. ट्यूबलाइटखाली शर्ट पसरायचा, कॉलर, खिसा, बाही, काजं बघायची, दोष दिसला की तिथे लाल टिकली चिकटवायची. टिकली लागली की शर्ट बाद. बाकीचे खोक्यात, खोकी कंटेनरमध्ये, कंटेनर बोटीवर. पुढे त्या शर्टांचं काय होतं ते आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. लेकी सासरी पाठवाव्यात आणि एकीचंही पत्र येऊ नये, तसली गत.

त्यामुळे बटणच्या मुलीने दोन तिकिटं पाठवली तेव्हा मी एका पायावर तयार झाले. मुलगी सहा वर्षांपासून इथे, आमचे शर्ट जायचे त्याच देशात, नोकरीला आहे. आई एकटी विमानात बसणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून दुसरं तिकीट माझं. माझ्या वहिनीने विचारलं, या वयात तिकडे जाऊन बघणार काय? मी म्हटलं, इमारती. साफ खोटं. मला शर्ट बघायचे होते. माणसांच्या अंगावर.

आणि त्यातही मला एक माणूस बघायचा होता. आमचे साहेब नेहमी म्हणायचे, तिथलं गिऱ्हाईक भिंग लावून शर्ट बघतं. एकतीस वर्षं मी त्या भिंगवाल्याला घाबरून काम केलं. तो मला अगदी डोळ्यांपुढे दिसायचा. उंच, चष्मेवाला, खिडकीपाशी उभा राहून एकेक काज उलटंपालटं करणारा. माझ्या नवऱ्याचा चेहरा आता मला नीट आठवत नाही, पण ह्या मेल्याचा आठवतो.

पहिले चार दिवस मी त्याला शोधत हिंडले. बटण दुकानांच्या काचांत बघायची, मी लोकांच्या छातीकडे. तिने मला दोनदा बजावलं की बायकांकडे बघ, पुरुषांकडे असं टक लावून बघशील तर पोलीस नेतील. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. आणि काय काय दिसलं म्हणून सांगू! वरची दोन बटणं कुणी लावतच नाही. ज्या बाह्यांची पट्टी बसवताना आमच्या पोरींचे डोळे जायचे, त्या बाह्या कोपरापर्यंत सुरळी करून वर ढकललेल्या. एका बाईने वरून घातलेला नवाकोरा शर्ट काढून फडक्यासारखा पिशवीत कोंबला. एकाची बाही टाचणीने अडकवलेली, आणि तो माणूस चक्क बँकेत काम करत होता.

मुलीला मी प्रश्न विचारून भंडावून सोडलं. इस्त्री कोण करतं? बटण तुटलं तर लावतं कोण? ती म्हणाली, मावशी, बटण तुटलं तर बरेच जण शर्टच टाकून देतात. मला ते पचेना. बटण मात्र पोट धरून हसली. म्हणाली, आपण इकडे जन्मलो असतो तर दोघी उपाशी मेलो असतो.

पाचव्या दिवशी मुलगी आम्हाला वाचनालयात घेऊन गेली. तिला पुस्तकं बदलायची होती. टेबलामागच्या माणसाने शर्टाची बटणं एक घर चुकवून लावली होती. सगळा शर्ट तिरका, एक टोक मांडीवर, दुसरं पोटावर. मला राहवेना. मी खुणेने त्याला दाखवलं. त्याने खाली पाहिलं, मोठ्याने हसला, मुलीला काहीतरी म्हणाला आणि पुस्तकांवर शिक्के मारायला लागला. बटणं तशीच.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, सकाळपासून असंच आहे, कुणी काही बोललं नाही. आता संध्याकाळपर्यंत राहू दे."

बटण हसता हसता खुर्चीवर बसली. मीही हसले. पण बाहेर पायऱ्या उतरताना मी मध्येच थांबले. या देशात भिंगवाला नव्हता. कधीच नसावा. मग मी तेव्हा जे केलं ते कुणासाठी केलं?

ते सांगते. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बटणच्या मुलीला टायफॉइड झाला होता, बटण तीन रात्री जागून कामावर येत होती. त्या सकाळी तिच्या मशीनवरून आलेले शर्ट मी पसरले. दुसरं काज ओळीतून अर्धं सूत सरकलेलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्याच्याही निम्मं. चष्मा नसेल तर दिसणारही नाही. पण काज एकदा कापलं की कापलं. टीप उसवता येते, भोक बुजवता येत नाही. कुणाच्या हातचे आहेत ते मला माहीत होतं, का सरकले तेही माहीत होतं. मी एकेचाळीस शर्टांवर एकेचाळीस टिकल्या लावल्या.

तिला मशीनवरून काढलं. धागे कापायच्या टेबलावर घातलं, नव्या पोरींच्या बरोबरीने, दिवसभर उभ्याने. कारखान्यातली सगळ्यात चांगली काजवाली अकरा वर्षं धागे कापत राहिली. तिच्या गुडघ्यांची आज जी दशा आहे ती तिथली. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या शेजारीच येऊन बसली, आणि त्या विषयावर आम्ही कधीच बोललो नाही. मी मनाला समजवायचे, कंटेनर परत आला असता, शंभर जणांचं काम गेलं असतं, माझा नाइलाज होता. सगळा भार मी त्या भिंगवाल्याच्या डोक्यावर ठेवला होता. तोच नाही म्हटल्यावर भार पुन्हा माझ्याच डोक्यावर आला.

दुसऱ्या दिवशी मुलगी कामावर गेली. आम्ही दोघी घराजवळच्या बागेत जाऊन बसलो. मुलीने डब्यात पाव आणि उकडलेली अंडी दिली होती. समोर एक माणूस कुत्र्यामागे धावत होता, शर्टाचा सगळा घोळ वाऱ्यावर. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बोलायचं ठरवूनच आले होते. चार दिवसांनी परतीचं विमान होतं, घरी गेल्यावर माझी हिंमत झाली नसती.

"तुझे ते एकेचाळीस शर्ट," मी म्हटलं. "इथे कुणाला दिसलंही नसतं ग. मी उगीच बाद केले. माझं चुकलं."

ती अंडं सोलत होती. सोलतच राहिली. म्हणाली, वाकडे होते ते. करतानाच मला कळलं होतं. इथला माणूस बघो न बघो, वाकडं ते वाकडं, आणि तू ते पास केले असतेस तर मीच तुला हसले असते. त्या टिकल्यांसाठी मी तुझ्यावर एक दिवसही रागावले नाही.

मला एकदम हलकं वाटलं. मी पावाचा तुकडा मोडला. तोवर तिने हातातलं अंडं खाली ठेवलं.

"टिकल्या तू सकाळी लावल्यास," ती म्हणाली. "दुपारी आपण जेवलो. माझ्या डब्यातली भाजी खाल्लीस. पोरीचा ताप उतरला का विचारलंस. आणि हे बोलली नाहीस. संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांसमोर ते शर्ट माझ्या पुढ्यात टाकले, तेव्हा मला कळलं. तुला सकाळपासून माहीत होतं."

मी म्हटलं, "तू तीन रात्रींची जागलेली होतीस. म्हटलं, सुखाने दोन घास खाऊ देत."

"कुणाला? मला, की तुला?"

ती हे चिडून म्हणाली नाही. खरंच विचारत होती, वीस वर्षं विचारायचं राहून गेलेलं. मी आठवून पाहिलं. त्या दुपारी तिच्याकडे वांग्याची भाजी होती. मी दोनदा मागून घेतली होती. एकेक टाका बघणारी मी बाई, वीस वर्षं ते शर्टच मनात उलटेपालटे करत राहिले. त्या जेवणाकडे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

"मला," मी म्हटलं.

तिने मान हलवली. मला रडू आलं, ते मी येऊ दिलं. तिने माझी समजूत वगैरे काढली नाही. पदरही पुढे केला नाही. कुत्रा सापडला, तो माणूस त्याला रागे भरत निघून गेला. मी डोळे पुसून खायला लागले, कारण भूक लागली होती आणि दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

मग ती म्हणाली, "ऐक. पोरगी वर्षभर मागे लागली आहे, आता इथेच राहा म्हणून. कागद तयार करून ठेवलेत तिने, माझी सही तेवढी राहिली आहे. मी करणार आहे. जाताना विमानात तू एकटीच असशील."

माझा घास तोंडातच राहिला. आमची घरं एका गल्लीत आहेत. तीस वर्षं संध्याकाळी ती नाहीतर मी, कुणीतरी दुसरीच्या दारात असतेच.

"पोरीला अजून बोलले नाही," ती म्हणाली. "तुला आधी सांगते आहे. जेवतानाच."

मी घास चावला, गिळला. बरं केलंस, म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं. आवाज जरा फाटका आला.

डब्यात एकच अंडं उरलं होतं. तिने ते हातानेच मोडून दोन भाग केले. एक बराच मोठा झाला. तो तिने मला दिला आणि मी काही न बोलता खाल्ला.