लाकडी माशाची साक्ष

मी लाकडी मासा बोलतोय. माझ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. माझा जन्मच फसवण्यासाठी झाला आहे. माझ्या पोटाखाली आणि शेपटीला तीन-तीन टोकांचे गळ आहेत आणि माझं सगळं रूप ते लपवण्यासाठी आहे. जो स्वतः असा असतो, त्याला समोरचाही तसाच दिसतो. म्हणून मी कुणाचंच बोलणं पहिल्या झटक्यात खरं धरत नाही.

मला घडवलं ओडेल स्टिल्टनरने. अमेरिकेतल्या टेनेसीच्या डोंगरात स्टोनी फोर्क धरणाचा लांबलचक तलाव आहे, त्याच्या काठी त्याचं घर. कुंपणाचा एक जुना देवदाराचा खांब मोडला, त्यातून त्याने मला तासून काढलं. पोटात भोक पाडून शिशाचा थेंब ओतला, म्हणजे पाण्यात मी बुडू नये आणि वरही येऊ नये, जिथे थांबवलं तिथे लटकून राहावं. तोंडाशी प्लास्टिकची पातळ जीभ बसवली. रंग मात्र त्याने बायकोच्या, लॉर्नाच्या, कपाटातून उचलला.

"माझं चंदेरी नेलपॉलिश कुठं गेलं?" लॉर्नाने विचारलं.

"मला काय माहीत," ओडेल म्हणाला. त्याच्या अंगठ्याला ते लागलेलं होतं.

"चाळीस वर्षांत मला कधी एवढं नटवलं नाहीस, आणि त्या लाकडाला नटवतोयस," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

मी ऐकलेलं हे पहिलं खोटं. तिला ते कळलं होतं आणि तिने सोडून दिलं. माणसांची ही रीत मला तेव्हापासून चमत्कारिक वाटते.

माझं काम हिवाळ्याचं. थंडीत धरणाचं पाणी खाली उतरवतात, काठाची तांबडी माती उघडी पडते आणि पाणी इतकं गार होतं की बास मासा तळाशी जाऊन सुस्त होतो. उन्हाळ्यात तो हलेल त्यावर झडप घालतो. हिवाळ्यात मात्र तो एखाद्या संशयी सासऱ्यासारखा बसून राहतो. समोर खाणं आलं तरी आधी निरखतो. त्याच्यापुढे मी थंडीने अर्धमेल्या झालेल्या बारक्या माशाचं सोंग घ्यायचो. ओडेल दोरीला दोन हलके हिसके द्यायचा, मग थांबायचा. खूप थांबायचा. दोरी ओवलेल्या काठीच्या कड्यांत बर्फ धरला की काठीचं टोक पाण्यात बुडवून तो विरघळवायचा, आणि पुन्हा थांबायचा. त्या थांबण्यातच सगळी कला होती.

त्याच्याबरोबर बहुतेक वेळा ड्वेन रेमी असायचा. ड्वेन वयाने बराच लहान, शाळेची बस चालवायचा. बायको त्याला सोडून गेली होती, कारण तो प्यायचा. मग त्याने दारू सोडली. गावाने बस त्याच्या हाती परत दिली, पण सकाळी मुलांना बसमध्ये चढवताना आया त्याच्या तोंडाजवळून वास घेत जायच्या. त्याला ते कळायचं.

"ओडेल, तूपण माझा वास घेतोस का रे?" त्याने एकदा बोटीत विचारलं.

"तुझा? तू आंघोळ केव्हा करतोस ते आधी सांग, मग ठरवतो," ओडेल म्हणाला. दोघे हसले. मला मात्र तो प्रश्न गमतीचा वाटला नाही.

जानेवारीत नेवा टॅकेटच्या दुकानाची मासेमारीची शर्यत असे. धक्क्यावर तिचं गळ-आमिषांचं दुकान, बोलणं तिखट, वजनाचा काटा तिच्या हातात. सर्वांत जड बास आणणाऱ्याला त्या वर्षी बोटीची नवी कोरी मोटर मिळणार होती. ओडेलची मोटर म्हणजे खोकणारी म्हातारी होती. नियम साधे होते. एका बोटीत दोघे, जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरायच्या, आणि एकाने पकडलेला मासा बोटीत येताना दुसऱ्याने डोळ्यांनी पाहिलाच पाहिजे. नाही पाहिला तर तो शर्यतीत धरायचा नाही. शिवाय जिंकेल त्याला खोटं पकडायच्या यंत्रापुढे बसावं लागे.

"मागे एकाने माशाच्या पोटात शिसं भरून आणलं होतं," नेवा सगळ्यांना ऐकवत होती. "दुसऱ्याने आदल्या दिवशीच मासा पिंजऱ्यात घालून पाण्यात बुडवून ठेवला होता. तुमची तोंडं मी लहानपणापासून बघतेय, म्हणूनच यंत्र मागवलंय."

चिठ्ठीत ओडेलला ड्वेन आला. कोणीतरी कुजबुजलंच, "जमलं बघा दोघांचं."

त्या सकाळी पाण्यावरून वाफ निघत होती. ड्वेनचा थर्मास उघडला तेव्हा त्यातून कॉफीचा वास आला नाही. ओडेलने एकदा त्याच्याकडे पाहिलं. ड्वेन म्हणाला, "काल तिचं लग्न झालं. दुसऱ्याशी." ओडेल म्हणाला, "हं." त्याने थर्मास मागितला, ड्वेनने दिला नाही. थोड्या वेळाने ड्वेन बोटीच्या पुढच्या फळीवर आडवा झाला आणि घोरू लागला.

ओडेलने बोट पाण्याखाली गेलेल्या जुन्या रस्त्यावर नेली. धरण होण्याआधी तिथून गाड्या जायच्या, आता त्या रस्त्यावर मासे बसतात. त्याने मला फेकलं. दोन हिसके, मग थांबणं. मी पाण्यात लटकून होतो. खालून एक सावली आली, माझ्याजवळ थांबली आणि मला निरखू लागली. मीही तिला निरखत होतो. मग तिने तोंड उघडलं.

ती बास मादी होती, पोट भरलेली, जुनी. तिने मला एका बुडालेल्या झाडाच्या खोडाकडे ओढलं, ओडेलने तिला ओढू दिलं, मग हळूहळू वळवलं. तिचे दात माझ्या रंगात रुतले. शेवटी ती हातजाळ्यात आली. ओडेलचे हात थरथरत होते.

"ड्वेन. ए ड्वेन, ऊठ. हे बघ."

ड्वेनने ओठ हलवले, डोळे उघडले नाहीत. ओडेलने त्याचा खांदा गदागदा हलवला. काही उपयोग झाला नाही. ओडेल त्या मादीला धरून बराच वेळ बसला. तिला पाण्यात सोडायला हात खाली गेलासुद्धा. मग त्याने तिला बोटीतल्या पाण्याच्या टाकीत ठेवलं.

दुपारी ड्वेन जागा झाला. टाकीत पाहून त्याची नशा उतरली. "केव्हा पकडलास?"

"तुझ्यासमोर," ओडेल म्हणाला. "तू पाहिलंस की."

ड्वेनने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाला, "हो. पाहिलं."

काट्यावर ती सगळ्यांत जड भरली. नेवाने तिच्या पोटावरून बोटं फिरवली, घशात टॉर्च मारून पाहिलं. शिसं माझ्या पोटात होतं, तिच्या नाही. "ड्वेन, तू पाहिलंस?" नेवाने विचारलं. ड्वेन दोन पावलं लांब उभा राहूनच म्हणाला, "पाहिलं, नेवाबाई."

मग दुकानाच्या मागच्या खोलीत ओडेलच्या बोटांना आणि छातीला तारा लावल्या. ज्या आमिषावर मासा लागला तेही टेबलावर हवं, म्हणून मी तिथेच पडलो होतो. शहरातून आलेला माणूस शांतपणे विचारत होता.

"हा मासा तुम्ही आजच, याच तलावात, गळाने पकडलात का?"

"हो." सुई सरळ चालली.

"मासा बोटीत आला तेव्हा जोडीदाराने पाहिला का?"

"हो." सुईने उडी मारली.

बाहेर येऊन त्या माणसाने एवढंच सांगितलं की उत्तरांत खोट आहे. कुठल्या उत्तरात ते सांगायची पद्धत नव्हती. मोटर दुसऱ्याला गेली. ओडेलने टोपी डोक्यावर नीट बसवली, मला खोक्यात टाकलं आणि कोणाशी न बोलता निघाला.

घरी लॉर्नाने त्याच्यासमोर राजम्याची वाटी आणि मक्याची भाकर ठेवली. "गावभर बोलतायत. खरं काय ते मला सांग."

"मासा मी पकडला."

"मग यंत्र का बोंबललं?"

"ते यंत्राला विचार."

तिने या वेळी सोडून दिलं नाही. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. भाकर तशीच राहिली.

पुढे कितीतरी दिवस मी खोक्यातून ऐकत होतो. ओडेल गळ घ्यायला नेवाकडे गेला की बोलणी थांबायची. तो दाराबाहेर पडला की सुरू व्हायची. "पिंजरा असणार. त्या जुन्या रस्त्याच्या बाजूलाच." आणि ड्वेनला कोणी विचारलं की तो म्हणायचा, "मी काही बोलणार नाही." हे वाक्य 'त्याने फसवलं' याहून वाईट. मला आधी वाटलं, ड्वेन स्वतःची बस वाचवतोय. मग लक्षात आलं की त्याला खरोखरच संशय आहे. त्याने मासा येताना पाहिलाच नव्हता. जागा झाला तेव्हा मासा टाकीत होता. पिंजऱ्यातून काढला असता तरी तो टाकीतच दिसला असता.

आणि खरं सांगायचं तर माझाही ओडेलवर संशय होता. मासा खरा होता, ते मला माहीत होतं. पण तो खोटं का बोलला? मित्राची नोकरी जाऊ नये म्हणून, की मोटर हवी होती म्हणून? त्याचे हात थरथरत होते ते मी पाहिलं होतं. ती थरथर लोभाची होती की थंडीची, लाकडाला काय कळणार.

फेब्रुवारीत एक दिवस ओडेल बोट पाण्यात सोडत होता. ड्वेन चिखलाने माखलेल्या बुटांनी काठावरून आला.

"सगळे खाचखळगे पालथे घातले," ड्वेन म्हणाला. "पाणी उतरलंय तोवर बघून घ्यावं म्हटलं. पिंजरा नाही सापडला."

"शोधत होतास?"

"हो."

ओडेलने दोर खुंटीला गुंडाळला. "तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, नाही म्हणून. एवढी पायपीट कशाला?"

"विचारलं असतं तर मला आधी सांगावं लागलं असतं, की मी झोपलो होतो."

"ते मला माहीत आहे. घोरत होतास. पलीकडच्या काठावरची बदकं उडाली."

ड्वेन हसला नाही. "मग खोटं का बोललास? माझ्यासाठी?"

ओडेलने खुंटीवरचा दोर पुन्हा आवळला. "मासा हातात होता तेव्हा मला मोटर दिसत होती. तुझी बसही दिसत होती. कुठलं आधी दिसलं ते विचारू नकोस, ड्वेन. मी स्वतःलाच विचारून थकलोय."

ड्वेन तसाच वळला आणि धक्क्याच्या पायऱ्या चढून दुकानाकडे गेला. ओडेल खोकं काखेत मारून त्याच्यामागे धावला. "अरे थांब. बस जाईल तुझी."

दुकानात शेगडीभोवती पाच-सहा जण कॉफी घेत बसले होते. ड्वेन दारातच उभा राहून बोलला. "त्या दिवशी मी प्यायलो होतो. मी झोपलो होतो, मासा येताना पाहिला नाही. पाहिला म्हणालो ते खोटं. यंत्राने पकडलं ते हेच."

मग शेगडीजवळून एक जण म्हणाला, "आता दोघांनी मिळून ही गोष्ट रचली."

"गोष्ट रचायची तर त्यात तो स्वतःची नोकरी कशाला घालवेल, अडाण्या?" नेवा म्हणाली. मग ओडेलकडे वळून म्हणाली, "पण नियम तो नियम. जोडीदाराने पाहिला नाही, मासा धरायचा नाही. मोटर तुला मिळणार नाही."

"मागितली कुणी?" ओडेल म्हणाला.

ड्वेनची बस गेली. नेवाने त्याला दुकानात ठेवून घेतलं, जिवंत आमिषांच्या टाक्या धुवायला आणि बोटींत पेट्रोल भरायला. ती रोज सकाळी उघडपणे त्याच्या तोंडाचा वास घेते आणि म्हणते, "चल, लाग कामाला." त्याला ते चोरून घेतलेल्या वासापेक्षा बरं वाटतं, असं तो म्हणतो. लॉर्नाने ओडेलला आधी झापून घेतलं, मग जेवायला वाढलं.

पुढच्याच हिवाळ्यात खडकावर आपटून माझी जीभ तुटली. आता मी नीट पोहू शकत नाही. ओडेलने मला ड्वेनला दिलं आणि ड्वेनने दुकानात गल्ल्याच्या वर खिळ्याला टांगलं. माझं नेलपॉलिश उडालंय. एक गळ गंजून पडला. त्या मादीच्या दातांचे ओरखडे मात्र अजून दिसतात. ओडेल दुसरं आमिष घेऊन अजून जातो, त्याच जुन्या मोटरवर, आणि ड्वेन सुट्टीच्या दिवशी त्याच्या बोटीत असतो.

गावात अजून दोन तट आहेत. परवा बाहेरगावचा एक जण कॉफी घ्यायला आला, माझ्याकडे पाहून म्हणाला, "हाच का तो? खरंच पकडला होता का मासा त्या म्हाताऱ्याने?"

"मला काय विचारता," नेवा म्हणाली. "मी बोटीत नव्हते."

ड्वेन टाकी धूत होता. त्याने मान वर केली नाही. "मी होतो," तो म्हणाला. "आणि मलाही ठाऊक नाही. एवढंच ठाऊक आहे की मी जागा झालो तेव्हा माझ्या अंगावर त्याचा कोट होता, आणि तो नुसत्या शर्टावर बसला होता. त्या थंडीत."

तो माणूस कॉफी घेऊन निघून गेला.

मला थंडी कळत नाही. म्हणून तो कोट पाहूनही मी तो कधी हिशेबात धरला नव्हता. पण तो त्याने केव्हा काढला, ते मला आठवतं. मला पाण्यात फेकण्याआधी. मासा नव्हता, मोटर नव्हती, कोणी बघणारं नव्हतं, तेव्हा.

माझी साक्ष कोणी विचारणार नाही, आणि खोट्या माशाची साक्ष कोण धरणार. तरी तुम्ही कधी या दुकानात आलात, तर माझ्याकडे पाहू नका. खाली टाकी धुणाऱ्या त्या माणसाला विचारा. तो 'ठाऊक नाही' म्हणेल. त्याच्यावर विश्वास ठेवा.