पाचवीच्या पूजेतला निळा दिवा

मित्रांनो, कळंबच्या एका दवाखान्यात चाकांवर उभा असलेला निळ्या उजेडाचा जुना दिवा म्हणजे मी. काही बाळांना जन्मल्यावर कावीळ होते, अंग पिवळं पडतं. अशा बाळाला उघड्या अंगानं माझ्याखाली निजवतात. माझ्या उजेडानं कावीळ हळूहळू उतरते.

कारखान्यातून टेम्पोत बसून मी इथे आलो, तेव्हा माझं फार कौतुक झालं. मग नवे, छोटे दिवे आले आणि मी अडगळीत गेलो. अंगावर धूळ साचली. पुढे मोहिनी मॅडम आल्या. त्या नव्या डॉक्टरांना उजेडाची यंत्रं वापरायला शिकवतात. माझ्या ट्यूब बदलून त्यांनी मला पुन्हा कामाला लावलं. "ट्यूब जुनी होऊन तिची ताकद उतरली, तरी ती निळीच दिसते. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, मीटर धरा," असं त्या प्रत्येकाला बजावतात.

गेल्या हिवाळ्यात येडगावच्या आरतीचं बाळ माझ्याखाली आलं. कावीळ भराभर वाढत होती. उजेडानं उतरली नाही, तर पुण्याला नेऊन त्याचं रक्त बदलावं लागणार होतं. शिकाऊ डॉक्टर वृषालीनं मीटरनं उजेड मोजला, बाळाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. संध्याकाळी आजी चिमाबाई आली, ती बाळाला घरी न्यायलाच.

"आज पाचवी हाय. सटवाई येऊन कपाळावर नशीब लिव्हती. तिला काय दवाखान्याचा पत्ता ठावं हाय व्हय?"

"आजी, आत्ता उजेडातून काढलं तर कावीळ मेंदूत जाईल," वृषाली म्हणाली.

"आन् कपाळावर ह्ये फडकं! लिव्हायचं कुटं तिनं?"

वृषाली चिडली. "फडकं डोळ्यांवर आहे, आजी!"

"आधी बघ तरी," मोहिनी मॅडम हळूच म्हणाल्या.

वृषालीनं वाकून पाहिलं. पट्टी खरंच वर सरकली होती. डोळे अर्धे उघडे पडले होते आणि माझा उजेड डोळ्यांना सोसत नाही. तिनं पट्टी नीट बसवली. कपाळ मोकळं झालं. मग ती ओशाळून म्हणाली, "आजी, पाचवी इथंच पुजू या का?"

चिमाबाईनं सुनेकडं पाहिलं. आरती पाणावल्या डोळ्यांनी म्हणाली, "राहू द्या ना त्याला."

शेजारच्या घरातून पाटा-वरवंटा आला. सटवाईसाठी कोरा कागद ठेवला. वृषालीनं आपलं पेन पुढं केलं.

"नगं बाई! तुमा डॉक्टरांचं अक्षर कुनाला लागतं? नर्सबाईंचं द्या."

सगळे हसले. वॉर्डात ज्योत लावता येणार नाही, असं मॅडमनी सांगितलं. चिमाबाईनं माझ्याकडं पाहिलं आणि माझ्या चाकाजवळ हळदीकुंकू वाहिलं. "मग ह्योच दिवा."

बाळ माझ्याखालीच राहिलं. कावीळ उतरली, पुण्याला जावं लागलं नाही. निघताना चिमाबाई वृषालीला म्हणाली, "तिनं काय लिव्हलं ते आपल्याला न्हाई कळायचं. पन पोरगं हाती लागलं, लई झालं."

आता वृषाली नव्या डॉक्टरांना शिकवते. मीटर धरायला सांगते, पट्टी पुन्हा पुन्हा बघायला सांगते आणि घरच्यांशी बोलताना स्टूल ओढून बसते.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांची धूळ पुसा, ट्यूब वेळेवर बदला. आम्हाला अडगळीत टाकू नका. आज माझ्याखाली बेल्ह्याची एक मुलगी आहे. आत्ताच जांभई देऊन झोपली. जरा हळू बोला.