दोन तोंडांची पाटी

"पुन्हा पाटी उलटी! या बाई एक दिवस आपल्याला बुडवणार," वरच्या वर्गातली सबाइना लॉफ्टस माझ्या अगदी कानाशी पुटपुटली आणि तिनं मला गुपचूप सुलटं केलं.

मित्रांनो, मी मेयो परगण्यातल्या एका खेडेगावच्या शाळेतली जुनी पाटी आहे. मोडक्या होडीच्या फळीतून सुतारानं मला कापलं. माझ्या एका तोंडावर ‘धर्मपाठ’ आहे, दुसऱ्यावर ‘इतर विषय’. धर्मपाठाच्या वेळी वेगळ्या पंथाच्या मुलांनी बाहेर जावं, असा सरकारी नियम. आमच्याकडे तसा एकच, फौजदाराचा आर्थर.

गिलहूली बाई तीस वर्षं मला फिरवत आल्या. अलीकडे मात्र कुठलं तोंड पुढे आहे, ते माझ्या कडेची खाच बोटानं चाचपून ओळखत. का, ते साऱ्या शाळेला ठाऊक होतं. मुलं बाईंच्या वाटेतलं बाक हळूच सरकवत. पण बोलत कुणी नसे. डोळे गेले म्हटलं की नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर शाळेमागची खोलीही.

ईस्टरला शाळा चालवणाऱ्या फादरनी मला रंगवून घेतलं. "काय नटलीय बघा!" सगळे म्हणाले. त्या रंगानं माझी खाच बुजली, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही; तेव्हापासून मी वरचेवर उलटी लागू लागले.

तपासनीस साहेब आले, तेव्हा सबाइना शेगडीत जाळायची दलदलीच्या मातीची सुकी ढेकळं आणायला गेली होती. पाढे चालू होते, आणि मी दाखवत होते ‘धर्मपाठ’.

"पाढे धर्मात कधी गेले, बाई?"

"साहेब, मग मी बाहेर जाऊ?" आर्थरनं आशेनं विचारलं.

कुणी हसलं नाही. सबाइना धापा टाकत दारात आली. "वाऱ्यानं फिरली असेल, साहेब!"

"दार आत्ता तूच उघडलंस, पोरी. रोज या पाटीकडे कोण बघतं?"

"...मी."

"वय?"

"चौदा."

साहेबांनी बाईंकडे निरखून पाहिलं. मग त्यांनी एक कागद काढला. "चौदाला पगारी मदतनीस नेमता येते. बाईंची जागा बाईंचीच. फक्त इथं कारण लिहावं लागतं." त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि ते थांबले.

मित्रांनो, तुमच्यात कुणी चाचपडत असेल, तर नुसत्या पाट्या सुलट्या करत बसू नका. जवळ जाऊन विचारा. आम्ही दोन वर्षं विचारलं नाही.

बाईंचं बोट माझ्या कडेवर खाच शोधत फिरलं, आणि थांबलं.

"लिहा साहेब," त्या म्हणाल्या. "मला दिसत नाही."