ड्रॅगनच्या छातीचे हाड

प्राणिशास्त्राचे प्राध्यापक वसंतराव निवृत्त झाल्यावर नऊ वर्षे एका अस्तित्वातच नसलेल्या प्राण्यासाठी भांडत होते. अद्भुतकथांचे चित्रकार ड्रॅगनला चार पाय देतात, वर दोन पंख डकवतात आणि ते पंख हलवणारे स्नायू कुठे बसणार याची चौकशीही करत नाहीत, हा बेजबाबदारपणा त्यांना सोसवत नसे. चारशे पानांचे हस्तलिखित सिद्ध होते. वाचक मात्र कुणीच नव्हता. पत्नी लीलाबाईसुद्धा नाहीत.

भूम गावच्या वाचनालयाकडून व्याख्यानाचे निमंत्रण आले तेव्हा लीलाबाई म्हणाल्या, "एक माणूस जरी शेवटपर्यंत बसला, तरी सगळं मी टाइप करून देईन. नाहीतर ते बाड रद्दीत."

"कबूल," वसंतराव म्हणाले.

सभागृह गच्च भरलेले पाहून ते गहिवरले. फळ्यावर विषय होता: 'ड्रॅगन : रचना व वाढ'. लीलाबाई शेवटच्या रांगेत बसल्या.

पहिलाच प्रश्न बब्रुवान नावाच्या शेतकऱ्याने विचारला. "सर, चार का सहा?"

"चारच!" वसंतराव कडाडले. "सहा म्हणजे निव्वळ अडाणीपणा."

"बघा, म्या म्हनलं न्हवतं?" बब्रुवान शेजाऱ्याला म्हणाला. साऱ्यांनी वहीत चार लिहिले. "आन् खांब किती फुटाचा घ्यावा?"

खांब? वसंतरावांना उलगडा व्हायला क्षणभर लागला. या भागात ड्रॅगन म्हणजे सिमेंटच्या खांबावर चढवायचे ते निवडुंगाच्या जातीचे लाल फळ. खांबाला रोपे चार लावावीत की सहा, एवढेच ऐकायला गाव लोटले होते. त्यांनी खरे ते सांगितले. पाच मिनिटांत सभागृह रिकामे झाले.

समोर उरल्या त्या फक्त बब्रुवानच्या पत्नी, अयोध्याबाई. "मालक रोपं बघाय गेल्यात. ते येस्तोवर सांगा तुमचं."

वसंतरावांनी चित्र उलगडले. अयोध्याबाईंनी ते निरखले. "ह्यो उडतो व्हय? छाती तर म्हशीवानी सपाट. कोंबडीच्या छातीत मधी उभं हाड असतंय, त्याला मांस धरतंय. ह्याला कुठंय?"

वसंतरावांचे डोळे चमकले. हेच त्यांचे नववे प्रकरण, चाळीस पानांचे. "अगदी बरोबर! ते हाड दिलं, की ड्रॅगन उडतो."

"कसला उडतो! आमच्या कोंबडीला हाय की हाड. छपराच्या वर जाती का ती?"

कोंबडी त्यांच्या चारशे पानांत कुठेच नव्हती. वसंतरावांनी खिशातून पेन्सिल काढली आणि टिपणांतल्या नवव्या प्रकरणावर प्रेमाने काट मारली.

"मग वजनही हिशेबात धरावं लागेल," ते पुटपुटले. "हाडं पोकळ... थांबा हं, सांगतो."

तेवढ्यात दारात बब्रुवान. "चल की. एसटी जाईल."

"बसा गप," अयोध्याबाई चित्रावरची नजर न काढता म्हणाल्या. "अजून शेपूट ऱ्हायलंय."

शेवटच्या रांगेत लीलाबाईंनी चष्मा पुसला आणि मांडीवरच्या बाडाचे पहिले पान उघडले.